नमतं घ्यायचं, पण कुठवर?

भोसरीकर:
भोसरीत माझं छोटं वर्कशॉप आहे. दोन सीएनसी मशीन, पाच कामगार. एका मोठ्या कंपनीला नऊ वर्षं पार्ट देतोय. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या परचेसमधून फोन आला, "यंदा मंदी आहे, दोन टक्के कमी करा, पुढच्या वर्षी बघू." केले. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. यंदा तर पीओवर, म्हणजे खरेदीच्या ऑर्डरवर, कमी केलेला रेटच छापून आला, विचारलंसुद्धा नाही. पेमेंटही ४५ दिवसांवरून ९० वर गेलंय. पहिल्याच वेळी नाही म्हणायला हवं होतं.
राजकारणातही हेच, दबाव आला की नमतं. पुण्यात नगर रस्त्याची बीआरटी, म्हणजे बसची वेगळी मार्गिका, ओरड झाली म्हणून काढली. ओरड गाडीवाल्यांची. बसच्या दारात लोंबकळणारा कुठे निवेदन घेऊन जातो?

कसबा पेठ:
नाही पटलं. स्वतः राहतो त्या घराच्या मिळकतकरातली ४० टक्के सवलत बघा. १९७० पासून मिळत होती, मध्येच बंद केली, पुणेकरांनी पाठपुरावा केला आणि २०२३ मध्ये सरकारला परत द्यावी लागली. सरकारने नमतं घेतलं, यात कसली नामुष्की? कृषी कायद्यांचंही तसंच. दिल्लीच्या वेशीवर शेतकरी वर्षभर बसले, मग १९ नोव्हेंबर २०२१ ला माघार जाहीर झाली. माझा आक्षेप इतकाच की ऐकायला वर्ष लागलं.

बिबवेवाडी, कर सल्लागार:
भोसरीकर, ९० दिवस तुम्ही मान्यच कसे केलेत? छोट्या उद्योगांसाठीचा एमएसएमईडी कायदा २००६ चा आहे. लेखी करार असला तरी सूक्ष्म-लघु उद्योगाचं पेमेंट ४५ दिवसांपलीकडे नेता येत नाही. २०२३ च्या अर्थसंकल्पानंतर तर उशीर करणाऱ्याला तो खर्च पैसे देईपर्यंत आयकरात धरता येत नाही. थकलेल्या पेमेंटसाठी सरकारचं ऑनलाइन पोर्टल आहे, तिथं तक्रार टाका.

भोसरीकर:
लघुउद्योगाची सरकारी 'उद्यम' नोंदणी आहे, कायदाही माहीत आहे. पण माझं निम्म्याहून जास्त काम त्यांचंच. तक्रार केली की पुढची ऑर्डर शेजारच्या शेडमध्ये. पाच घरं चालतात यावर.

कसबा पेठ:
मग स्वतःला दोष कशाला देताय? नाही म्हणायची सोय तुम्हाला नव्हतीच. सरकारकडे ती असते, म्हणून दोन्ही एका तराजूत घालू नका. फक्त एक, देताना काहीतरी मागून घ्यायचं. दोन टक्के दिलेत तेव्हा बदल्यात काय मागितलंत?

भोसरीकर:
काहीच नाही. नऊ वर्षांचे संबंध, तोंड उघडवलं नाही. तिथं चुकलो, मान्य.
सोमवारी त्यांच्याकडे बोलावणं आहे. रेट राहू दे म्हणेन, पण ४५ दिवस पीओवर छापून द्या. बीआरटीबद्दल मात्र माझं मत तेच. बसवाल्याला कोणी विचारलं नाही, आणि ती मार्गिका त्याचीच होती.

बिबवेवाडी, कर सल्लागार:
आधी ईमेल करा. तोंडी बोलण्याला पुरावा नसतो.