रबरी बोटीतून फ्योर्ड: तुमचे अनुभव सांगा

येत्या जूनमध्ये आम्ही चौघं नॉर्वेला चाललोय. मी, नवरा, बारा वर्षांचा मुलगा आणि माझी आई. आई ६८ वर्षांची. गुडघे कुरकुरतात, पण उत्साह आमच्या तिघांचा मिळून होईल तेवढा. फ्लोम गावात दोन रात्री मुक्काम आहे आणि तिथून नॅरॉयफ्योर्ड बघायचाच आहे. फ्योर्ड म्हणजे उंच कड्यांमधे आत शिरलेली समुद्राची चिंचोळी खाडी. पर्याय दोन. एक मोठी बोट, काचेआड बसायची सोय, चहा-कॉफी, दोन तासांत आरामात गुडवांगेनला पोचवते. दुसरी ती आरआयबी म्हणतात ती, रबरी फुगीर कडांची, डझनभर माणसं घेऊन सुसाट पळणारी. मुलाला दुसरी हवी. आईलाही दुसरीच हवी, घोडं तिथेच पेंड खातंय.

माझा स्पीडबोटीचा अनुभव तारकर्लीचा. लाटांवर आपटून आपटून दोन दिवस कंबर धरून बसले होते. तर ज्यांनी नॉर्वेत ही सफर केली आहे त्यांनी लिहा. कुठल्याही फ्योर्डातली चालेल. चांगलं-वाईट सगळं लिहा, नुसतं 'अप्रतिम' नको.

ऑस्लोची सून

आठ वर्षं इथे आहे. सासू-सासऱ्यांना घेऊन तुमचीच सफर केली, फ्लोमहूनच. आधी कपड्यांचं सांगते, कारण ते कुणी सांगत नाही. बोटीवर चढण्याआधी अंगावरच्या कपड्यांवरून एक जाडजूड सूट घालायला देतात. पायापासून गळ्यापर्यंत एकच, समोर चेन, वर लाइफ जॅकेट आणि डोळ्यांना गॉगल. साडीवर तो चढत नाही. सासूबाईंनी निऱ्या गोळा करून पायात कोंबायचा प्रयत्न केला, मग हसू आवरेना म्हणून खाली बसल्या, आणि शेवटी माझी लेगिंग घालून आल्या. बांगड्या काढून ठेवाव्या लागल्या, हातमोजे वर जाईनात. सूट घातल्यावर माणूस गवताने भरलेल्या बुजगावण्यासारखा चालतो. दोन्ही हात अंगापासून लांब. आणि हो, बोटीवर संडास नाही. सूट घालायच्या आधी जाऊन या, नंतर सगळं पुन्हा उतरवावं लागतं.

बोट सुरुवातीला आउर्लांडफ्योर्डात जोरात पळते, तेव्हा कुणाचंच लक्ष डोंगरांकडे नसतं. खरी गंमत नॅरॉयफ्योर्डात शिरल्यावर. तो सोग्नेफ्योर्डाचाच एक फाटा, एका ठिकाणी रुंदी जेमतेम २५० मीटर. तिथे आमच्या चालकाने इंजिन बंद केलं. एवढा वेळ कानात नुसती घरघर होती, आणि अचानक लांबच्या धबधब्याचा आवाज यायला लागला, मग दुसऱ्याचा, मग कड्यावर कुठेतरी मेंढीच्या गळ्यातली घंटा. सासरे ७१ वर्षांचे, एरवी सतत बोलणारे. पाच मिनिटं गप्प होते.

परतताना उंड्रेडालला थांबलो. चिमुकलं गाव, माणसांपेक्षा बकऱ्या जास्त. तिथलं बकरीच्या दुधाचं तपकिरी चीज खायला दिलं. चीज करताना उरलेलं पाणी तासन्‌तास आटवतात, त्यातली साखर करपत तो रंग आणि गोडवा येतो. सासूबाई म्हणाल्या, "अगं, हा तर कढईला लागलेला खवा." आणि दोन तुकडे पर्समध्ये टाकले.

आईंना जरूर न्या, पण चढता-उतरताना हात धरायला एक जण लागेल. बोटीची कड ओलांडून आत उतरावं लागतं आणि बसायची जागा मोटरसायकलसारखी, दोन्हीकडे पाय टाकून. गुडघ्यांचा विचार त्यासाठी करा, वेगासाठी नाही.

दोनघोट

मोबाईल हातात धरू नका. माझा सोग्नेफ्योर्डच्या तळाशी आहे. त्या फ्योर्डाची खोली १३०८ मीटरपर्यंत जाते, त्यामुळे शोधायला गेलो नाही.

कंबरपट्टा

वाईट अनुभवही हवा म्हणालात म्हणून लिहितो. बर्गनजवळच्या एका सफरीत मुलीने हट्टाने पुढच्या ओळीत बसवलं. नाव घेत नाही त्या कंपनीचं, पण निघताना पाठीच्या दुखण्याबद्दल एका शब्दाने विचारलं नाही. एरवी हे विचारतात, आणि गरोदर बायकांना तर बहुतेक ठिकाणी घेतच नाहीत. फ्योर्डातलं पाणी तसं शांत असतं, लाट समुद्रासारखी नसते. पण समोरून एक मोठं जहाज गेलं आणि त्याच्या मागच्या लाटांवर आमची बोट वेगातच चढली. नाक वर, मग धाडकन खाली. कमरेच्या एल-फोर एल-फाइव्ह मणक्यांमधली माझी जुनी दुखरी चकती तिथेच जागी झाली.

लक्षात घ्या एवढंच: मागच्या ओळीत बसा. बोट पुढून उडते, इंजिनाकडचा भाग पाण्याला चिकटून राहतो. लाट दिसली की बूड जरा उचलून गुडघ्यांवर तोला, खड्ड्यात स्कूटर गेल्यावर आपण करतो तसंच. आणि चालकाला सरळ सांगा की बोटीत वयस्कर माणूस आहे. माझ्या चालकाला नंतर सांगितलं तेव्हा त्याने मान्य केलं की आधी सांगितलं असतं तर वेग कमी केला असता. मीही बोललो नव्हतो, हे खरं.

शाळामास्तर

भूगोल शिकवण्यात हयात गेली, त्यामुळे थोडं लांबेल. आम्ही गैरांगरफ्योर्डात गेलो. नॅरॉयफ्योर्ड आणि हा, दोघांना युनेस्कोने २००५ मध्ये जागतिक वारशात एकत्रच घेतलं.

मुलांना मी तीस वर्षं फळ्यावर 'यू' आकाराची दरी काढून दाखवली. नदी कोरते ती 'व्ही', हिमनदी कोरते ती 'यू', आणि त्यात समुद्र शिरला की फ्योर्ड. बोट कड्याला दहा फुटांवर नेली तेव्हा कळलं की मी ती आकृती चुकीची काढत होतो. भिंत पाण्याशी थांबतच नाही. वर जेवढी सरळ दिसते तशीच ती खाली जात राहते, म्हणून तर बोट एवढी जवळ नेता येते. कोकणात खडकाच्या इतकं जवळ गेलात तर तळ फुटेल.

सात बहिणींचा धबधबा प्रसिद्ध. समोरच्या कड्यावरच्या धबधब्याला 'मागणी घालणारा' म्हणतात, सातही जणींनी नकार दिला म्हणून तो बाटलीला लागला अशी गोष्ट, आणि धबधब्यात बाटलीचा आकार दाखवतात. मला दिसला नाही, बायकोला दिसला. आम्ही ऑगस्टच्या शेवटी गेलो होतो. वरचं बर्फ वितळून संपत आलेलं, बहिणी जेमतेम चार उरल्या होत्या. तुम्ही जूनमध्ये जाताय, नशीबवान आहात.

कड्यावर मधेच एखादं लाकडी घर दिसतं. तिथे माणसं शेती करायची! स्कागेफ्लो नावाच्या घराबद्दल सांगतात की करवसुलीवाला आला की वरची मंडळी शिडी ओढून घ्यायची. सात बहिणींजवळचं क्निव्सफ्लो मात्र १८९८ मध्ये सोडावं लागलं, वरून दरड येईल या भीतीने. भीती खोटी नाही. शेजारच्या ताफ्योर्डात ७ एप्रिल १९३४ ला रात्री डोंगराचा कडा पाण्यात कोसळला, लाट उठली आणि ४० माणसं गेली. आजही जवळच्या ओकेरनेस डोंगराला भेग आहे, ती वर्षाला काही सेंटिमीटरने रुंदावते आणि तिच्यावर यंत्रांचा चोवीस तास पहारा असतो. चालक हे सगळं हवापाण्याच्या गप्पा माराव्यात तसं सांगत होता. आमच्या बोटीतल्या दोघांनी तेवढ्यात वर बघून घेतलं. माळीण आठवली, मी कुणाला काही बोललो नाही.

खाडीकाठचा

फ्योर्डापेक्षा वेगळं सांगतो. उत्तरेला बोडो गावाजवळ साल्टस्ट्रॉमेन. साधारण दीडशे मीटर रुंद आणि तीन किलोमीटर लांबीची चिंचोळी वाट, तिच्या आत अख्खा फ्योर्ड. भरती आली की सगळं पाणी त्या फटीतून आत, ओहोटीला बाहेर, दर सहा तासांनी. मी दाभोळच्या खाडीवर वाढलो, तोंडाशी ओढ काय असते ते माहीत आहे. पण हे भलतंच. पाणी उकळल्यासारखं वर येतं, मधे पाच-सात मीटरचा भोवरा फिरत फिरत बोटीकडे येतो आणि चालक शांतपणे त्याच्या कडेने बोट घसरवतो. इंजिन चालू असून बोट जागच्या जागी उभी! बाजूला बोट तिरकी होते तेव्हा पोटात गोळा येतो.

वेळ बघून जा. पाणी पालटताना तिथे काही नसतं, बदकं पोहतात. उधाणाच्या दिवसात, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास जोर सगळ्यात जास्त. भांगाच्या, म्हणजे कमी जोराच्या भरतीला गेलात तर पैसे वाया. आमच्याकडे हे शेंबडं पोर सांगेल, पण मुंबईहून आलेले चौघं भांगाला येऊन गेले आणि 'काय विशेष नाही' म्हणाले.

मुका प्रवासी

माझा विरोध नोंदवा. दोन्ही केलंय आणि मला मोठी बोटच आवडली. फ्लोम ते गुडवांगेन आता विजेवर चालणारी जहाजं आहेत, धूर नाही, आवाज नाही. नॉर्वेने तर २०२६ पासून या वारसा फ्योर्डांत दहा हजार टनांखालच्या प्रवासी जहाजांना शून्य उत्सर्जनाची अट घातली आहे. रबरी बोटीत गॉगलवर पाणी, नाकात वारा, मार्गदर्शकाचं निम्मं बोलणं हवेत. मोठ्या बोटीच्या पुढच्या टोकाला उभा राहिलो, कॉफी हातात, डॉल्फिनसारख्या दोन छोट्या प्राण्यांच्या पाठी वर येऊन गेल्या. निसे म्हणतात त्यांना तिकडे. पाच मिनिटं मागे मागे होते. रबरी बोटीतून ते मला दिसले असते का, शंका आहे.

दोनघोट

मुका प्रवासी, रबरी बोट थांबली तेव्हा आम्हाला सील दिसले, खडकावर लोळत होते. मोबाईल तेव्हाच काढला होता.

पुन्हा मी, जिने विचारलं होतं

सगळ्यांचे आभार. आईला हे सगळं मोठ्याने वाचून दाखवलं. ताफ्योर्डचं वाचताना जरा घाबरले, तर ती म्हणाली, "९० वर्षांपूर्वीचं ना ते? पुढे वाच." साडीच्या परिच्छेदाला उठून आत गेली आणि कपाटातून माझी कॉलेजातली ट्रॅकपँट घेऊन आली. इलॅस्टिक गेलंय, नाडी ओवून घेतेय.

मागच्या ओळीतल्या तीन जागा आणि पुढची एक मुलासाठी, असं विचारून ठेवलंय. उंड्रेडालला थांबणारीच फेरी हवी, ही आईची अट. कढईला लागलेला खवा तिला बघायचाय.