बंद करतानाच क्रॅश? आधी फास्ट स्टार्टअप काढा

विंडोजचा पीसी शट डाउन करतानाच क्रॅश होतो, या प्रश्नावर वर कुणीतरी 'इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजच्या नोंदवहीत) कर्नल-पॉवर ४१ ही नोंद दिसतेय, म्हणजे एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा भाग) गेला, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून नवा आणा' असं सुचवलंय. थांबा, इतक्यात खिशात हात घालू नका. ४१ चा अर्थ एवढाच की मागच्या वेळी मशीन नीट बंद झालं नव्हतं; कारण त्यातून कळत नाही. कमजोर एसएमपीएस सहसा लोड आला की मान टाकतो, गेम खेळताना वगैरे. बंद करताना लोड कुठला आलाय?

रीस्टार्ट नीट होतं का ते बघा. विंडोज १० आणि ११ मध्ये फास्ट स्टार्टअप (पीसी लवकर सुरू व्हावा म्हणूनची सोय) चालू असेल तर शट डाउन म्हणजे अर्धं हायबरनेशन असतं, कर्नल म्हणजे विंडोजचा गाभा डिस्कवर लिहून ठेवला जातो. रीस्टार्टला तसं होत नाही, म्हणून रीस्टार्ट नीट होऊन शट डाउनलाच क्रॅश होत असेल तर संशय फास्ट स्टार्टअपवर. शिफ्ट दाबून धरून शट डाउन केलं की पूर्ण बंद होतं. तसं केल्यावर क्रॅश थांबला तर कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, 'चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू' इथे जाऊन फास्ट स्टार्टअपची खूण काढा. (खूण फिकी दिसली तर वरची 'चेंज सेटिंग्ज' लिंक आधी दाबावी लागते.) निळ्या स्क्रीनवर 'ड्रायव्हर पॉवर स्टेट फेल्युअर' येत असेल तर संशय वाय-फाय किंवा ग्राफिक्सच्या ड्रायव्हरवर (तो भाग चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर) किंवा यूएसबीवरच्या एखाद्या डोंगलवर. डोंगल उपसून बघायला पैसे पडत नाहीत.