पार्किंगमध्ये चार्जर: घरच्या मीटरवरून घ्यावा की वेगळं मीटर?

अनघा_कोथरूड

नमस्कार मंडळी. आमची सोसायटी 24 फ्लॅटची, मी तिसऱ्या मजल्यावर. माझं पार्किंग मीटर रूमपासून 42 मीटरवर आहे, टेपने मोजलंय. शाळा चिंचवडला, सकाळची. रोजचं येऊन-जाऊन 40 किलोमीटर होतं आणि दुपारी दीडला मी घरी असते.

मार्चमध्ये इलेक्ट्रिक गाडी घेतली तेव्हा एका वायरमनने माझ्या मीटरवरून 2.5 स्क्वेअर एमएमची वायर ओढून पार्किंगमध्ये साधा 15 अँपचा सॉकेट बसवून दिला. दीड महिना ठीक चाललं. मग एका संध्याकाळी प्लग काढायला गेले तर हात लावता येईना. पिनेभोवतीचं पांढरं प्लास्टिक तपकिरी झालं होतं, करपल्याचा वास येत होता. शेजारच्या काकांची स्कूटर तिथून हातभर अंतरावर असते. त्या रात्री मला झोप लागली नाही. तेव्हापासून सॉकेट बंद आहे, आठवड्यातून दोनदा बाहेर चार्ज करते.

आता एकजण 7.2 किलोवॅटचा चार्जर बसवा, लोड वाढवून घ्या म्हणतोय. कमिटी म्हणते, सोसायटीच्या कॉमन मीटरला हात लावायचा नाही, आणि आग लागली तर जबाबदार कोण? त्यांची भीती मला खोटी वाटत नाही. घरचा वापर महिन्याला 220 युनिटच्या आसपास, बिलावर मंजूर भार 5 किलोवॅट. काय करू?

जुना_वायरमन

ताई, सॉकेट बंद केलात हे फार चांगलं केलंत.

करपलं ते सॉकेटच्या आतल्या पकडीमुळे. इस्त्री, गीझर थोडा वेळ चालतात. गाडी पाच-सहा तास सलग 15 अँप ओढते. पकड जरा ढिली असली की तिथेच उष्णता साठते. त्यात 42 मीटरला 2.5 ची वायर म्हणजे जाऊन-येऊन 84 मीटर तांबं. 15 अँपला साधारण 9 व्होल्ट वाटेतच जातात. तीच वायर 6 स्क्वेअर एमएमची असती तर 4 व्होल्टच्या आत राहिलं असतं.

7.2 तुम्हाला लागत नाही. 40 किलोमीटरला भिंतीतून सहा युनिटच्या आसपास जातील, 3.3 किलोवॅटला दोन तासांचं काम. वॉल चार्जर घ्या, पण तो 16 अँपवर सेट करून घ्या. मग 5 किलोवॅटच्या भारात बसतं, फक्त त्या वेळी गीझर आणि एसी एकदम लावू नका. वाचलेले पैसे केबलमध्ये घाला. 6 ची तांब्याची आर्मर्ड (वरून पोलादी कवच असलेली) केबल, मीटरजवळ वेगळा एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच), 30 मिलीअँपचा आरसीसीबी (करंट गळला, शॉक बसला की लगेच वीज तोडणारा स्विच). चार्जर थेट केबलला जोडायचा, मध्ये प्लग-सॉकेट नको.

आणि सगळ्यात आधी अर्थिंग तपासा. न्यूट्रल आणि अर्थमध्ये मल्टिमीटर लावून किती व्होल्ट दाखवतो ते इथे लिहा.

सुहास_ठाणे

बिलाचं मी सांगतो, दोन वर्षं हेच करतोय. घरच्या मीटरवरून गाडी चार्ज करायला परवानगी आहेच, केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत तसं स्पष्ट आहे. तुमचे गाडीचे 130 युनिट धरले तर एकूण 350. म्हणजे 80 युनिट 101-300 च्या टप्प्यात बसतील आणि फक्त 50 युनिट 301-500 च्या महाग टप्प्यात. एवढ्यासाठी वेगळं मीटर घेऊन त्याचा स्थिर आकार दर महिन्याला भरणं मला तरी पटत नाही. उन्हाळ्यात एसी जोरात चालत असेल तर मात्र गणित पुन्हा मांडा.

वेगळंच हवं असेल तर फेब्रुवारी 2024 च्या ग्राहक हक्क नियमांतल्या दुरुस्तीप्रमाणे गाडीसाठी स्वतंत्र जोडणी मागता येते. मुदत महानगरात 3 दिवस, इतर पालिका हद्दीत 7, ग्रामीण भागात 15. कमिटीला तोंडी सांगू नका. केबल कुठून जाणार त्याचा हाताने काढलेला नकाशा आणि परवानाधारक ठेकेदाराचा चाचणी अहवाल जोडून पत्र द्या. आमच्याकडे तो नकाशा पाहिल्यावर सेक्रेटरींचा सूरच बदलला.

स्मार्ट मीटर बसलंय का? असेल तर दिवसाच्या वापराला सवलत आहे, आणि तुम्ही दीडलाच घरी येता.

अनघा_कोथरूड

स्मार्ट मीटर आहे! हे डोक्यातच आलं नव्हतं.

दादा, आज मल्टिमीटर लावून घेतला. न्यूट्रल-अर्थमध्ये 11 व्होल्ट.

जुना_वायरमन

11 खूप जास्त आहे, 2-3 च्या आत हवा. चार्जरची ऑर्डर थांबवा. तुमची अर्थची तार पाइपात कुठेतरी सुटलेली असेल, नाहीतर इमारतीचा अर्थिंगचा खड्डाच कोरडा पडला असेल. दुसरं असेल तर तो 24 घरांचा प्रश्न आहे, सगळ्यांचे गीझर त्याच अर्थिंगवर आहेत. हा आकडा पत्रात पहिल्या ओळीत लिहा.

अनघा_कोथरूड

रविवारी कमिटीची बैठक आहे. पत्र आजच लिहिते, आणि मीटर रूममध्ये सेक्रेटरींच्या समोर पुन्हा मोजून घेते.