प्लोच्निक राहिलंच की!

सर्बियातली प्राचीन गावं म्हटलं की गाडी डॅन्यूबकाठच्या लेपेन्स्की वीर या अश्मयुगीन वस्तीवरच थांबते, म्हणून ही भर. तोप्लित्सा नदीकाठच्या प्लोच्निकला १९२७ मध्ये रेल्वेमार्गासाठी खोदताना विंचा संस्कृतीची (बाल्कन भागातली नवाश्मयुगीन संस्कृती) वस्ती लागली. तांब्याच्या छिन्न्या, कुऱ्हाडी निघाल्याच. पण मला भुरळ पडली ती पुढे सापडलेल्या एका चिमूटभर पत्र्याची. तांबं आणि कथिल दोन्ही असलेल्या खनिजातून काढलेलं कांस्य, इसवी सनापूर्वी सुमारे ४६५०चं! म्हणजे नेहमीच्या कांस्ययुगाच्या हजारभर वर्षं तरी आधीचं. सोन्यासारखी पिवळी झाक यावी म्हणूनच तसं खनिज निवडलं असावं, असा संशोधकांचा तर्क. (हौस काही आजची नाही!) आणि हो, १३८६च्या सुमारास सर्बियाचा अधिपती लाझार याने ऑटोमन फौज इथेच परतवली. १३८९ला कोसोव्होच्या लढाईत मात्र तो मारला गेला.