पंक्चर काढायचं की टायर बदलायचा? बडोदेकरांनो, आपापले अनुभव लिहा

धागाकर्ती:
मागच्या रविवारी बाबांना दवाखान्यात न्यायचं होतं, वाघोडिया रोडला लागले आणि गाडी डावीकडे ओढायला लागली. उतरून बघितलं तर मागचा डावा टायर पार बसलेला. बाबांना उन्हात उभं करवेना, म्हणून तशीच हळूहळू दोनेक किलोमीटर दवाखान्यापर्यंत नेली. खिळा अगदी मधोमध होता, नक्षीच्या खाचेत, आणि भोक इतकं बारीक की म्हटलं दहा मिनिटांचं काम. पहिल्या पंक्चरवाल्याने तेच सांगितलं, स्ट्रिप (भोकात बाहेरून कोंबायची रबरी पट्टी) मारतो, 120 रुपये. पण त्याच्याकडे गर्दी होती म्हणून शेजारच्या टायरवाल्याकडे गेले, तर त्या भाईने आधी टायर रिमवरून उतरवला आणि जमिनीवर पालथा करून आपटला. आतून काळी पूड पडली, अगदी चहाच्या भुकटीसारखी, मूठभर तरी असेल. मग टॉर्च मारून आतली बाजू दाखवली, पूर्ण गोल फिरलेला एक पट्टा, रबर घासून खरबरीत झालेलं, बोट फिरवलं तर आतले दोरे हाताला लागत होते. म्हणाला, "बेन, खीलो तो वच्चे ज छे, पण टायर अंदरथी गयुं छे." म्हणजे खिळा मधोमधच आहे, पण टायर आतून गेलाय. हवा नसताना गाडीचं वजन टायरच्या बाजूंवर येतं, त्या दुमडत दुमडत तापतात आणि आतून भाजून निघतात, बाहेरून मात्र काही दिसत नाही. टायर जेमतेम 14,000 किलोमीटर चाललेला. माप 185/65 आर 15, नवा साडेपाच हजाराला पडला.
खरं सांगते, पैशांचं दुःख आहेच, पण जास्त हे लागलं की स्ट्रिप मारून घेतली असती तर त्याच टायरवर पुढच्या आठवड्यात एक्सप्रेसवेने अहमदाबादला गेले असते, मुलं मागे बसवून. म्हणून हा धागा. खिळा कुठे होता, बसलेल्या टायरवर किती चाललात, कोण काय म्हणालं, शेवटी काय केलंत आणि नंतर तो टायर कसा वागला, सगळं लिहा.

जुना दांडियाबाजार:
छान धागा ताई. आमच्या पिढीचा घोळ कुठून आला ते सांगतो. आमच्याकडे अँबॅसडर होती, तेव्हा हवा धरायची ट्यूब, टायर नुसता वरचा जोडा. पंक्चरवाला ट्यूब काढून पाण्याच्या टपात बुडवायचा, बुडबुडे आले की तिथे गरम पॅच, झालं. एकेका ट्यूबला सात सात आठ आठ ठिगळं असायची आणि कुणाला काही वाटायचं नाही. आता ट्यूबलेसमध्ये टायरच हवा धरतो, म्हणजे भोक पडतं ते टायरच्या अंगातच, आतल्या पोलादी तारांच्या थरातून. मुलाला हे समजावून सांगेपर्यंत मी पण "पंक्चर म्हणजे पंक्चर" असंच धरून चाललो होतो.

जीआयडीसीवाला:
मकरपुऱ्याला नोकरी, 11 वर्षं. आमच्या रस्त्यावर लेथची चुरी, स्क्रू, तारेचे तुकडे, काय नसतं. त्यामुळे पंक्चर हा माझा हातखंडा विषय झालाय, आतापर्यंत सोळा तरी झाली असतील. अनुभवाने काय शिकलो तर, नक्षीच्या मधल्या भागातलं भोक आणि सहा मिलीमीटरपर्यंतचं, म्हणजे साधारण पेन्सिलीपेक्षा बारीक, तर दुरुस्ती होते. त्याहून मोठं किंवा खांद्यावर म्हणजे नक्षी संपून बाजू सुरू होते तिथे, किंवा बाजूला, तर नाही म्हणजे नाही. बाजू दर फेऱ्याला दबते आणि सुटते, तिथे कुठलंच ठिगळ टिकत नाही.
दुसरं, स्ट्रिप आणि मश्रूम पॅच यात फरक आहे. स्ट्रिप बाहेरून मारतात, आधी तो कानशीसारखा दाभण भोकात खालीवर घालून भोक मोठं करतात, आणि नीट बसली नाही तर पाणी आत शिरून तारा गंजतात. मश्रूमसाठी टायर उतरवावा लागतो, आतून घासून सोल्युशन लावून ते सुकेपर्यंत थांबायचं, मग देठ भोकातून बाहेर खेचायचा आणि टोपी आतून चिकटते. मला 350 ते 400 पडतात, वर बॅलन्सिंग म्हणजे चाकाचा तोल साधणं. वेळ जातो, पण टायर उतरतो हाच खरा फायदा, ताईंना पूड दिसली ती त्यामुळेच. मी स्ट्रिप फक्त अडीअडचणीला मारतो आणि दोन दिवसांत मश्रूम करून घेतो. अशा एका टायरवर 30,000 किलोमीटर केलेत, एकदाही हवा कमी झाली नाही.

अकोट्याची सून:
माझं वेगळंच झालं. दर चार दिवसांनी उजव्या पुढच्या टायरची हवा 33 वरून 26 वर. एका ठिकाणी सांगितलं दोन पंक्चर आहेत, काढली, पैसे दिले, आठवड्याने परत तेच. दुसरीकडे म्हणाले टायर जुना झालाय, बदला. घरी सासूबाई म्हणाल्या थांब गं, आधी फेस लावून बघ. भांड्याच्या साबणाचं पाणी ब्रशने सगळीकडे लावलं, नक्षीवर काही नाही, बाजूला काही नाही, आणि व्हॉल्व्हच्या बुडाशी छोटे छोटे बुडबुडे! रबर चिरलं होतं नुसतं. 70 रुपयांत नवा व्हॉल्व्ह. टायर अजून तोच आहे.

मांजलपूरकर:
पावसाळ्यात तरसाली बायपासजवळ पाण्याखालचा खड्डा दिसला नाही. दणका बसला, पण हवा गेली नाही म्हणून विसरून गेलो. तिसऱ्या दिवशी गाडी पुसताना टायरच्या बाजूला अर्ध्या लिंबाएवढं टेंगूळ. टायर सात महिन्यांचा. तीन दुकानं फिरलो, एकाने सांगितलं ट्यूब टाकून देतो, चालेल वर्षभर. घरी येऊन वाचलं, विचारलं, तर टेंगूळ म्हणजे आतले दोरे तुटलेत आणि नुसतं रबर हवेला अडवून धरतंय. ट्यूब टाकून ते दोरे काय जोडले जाणार? उलट तुटलेले दोरे ट्यूबला घासणार, आणि ट्यूब फुटली की हवा एका क्षणात जाते, ट्यूबलेससारखी हळूहळू नाही. बदलला.
मग पुढचा पेच, स्टेपनी तर डिक्कीत कोरी करकरीत पडलेली, तीच का लावू नये? बाजूवरचे चार आकडे बघितले, 2318, म्हणजे 2018 सालचा 23वा आठवडा. एकदाही न वापरलेला, पण रबर म्हातारं, कडेला बारीक भेगा. तो स्टेपनीच राहू दे म्हटलं, तोही तात्पुरता. नवा एकच घेतला कारण त्याच्या जोडीच्या टायरची नक्षी जवळजवळ तेवढीच होती. घासलेला असता तर जोडीने घेतले असते. आणि हो, दोन नवे घेतले तर ते मागे लावतात, गाडी पुढच्या चाकांवर ओढणारी असली तरी, ओल्या रस्त्यावर मागचा भाग घसरला तर सावरणं फार अवघड.

गोत्रीकर:
ज्यांनी नवी गाडी घेतली त्यांनी आजच डिक्की उघडून बघा. 2020 मध्ये नियम बदलला, ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि दुरुस्तीचं किट दिलं असेल तर साडेतीन टनापर्यंतच्या गाडीला स्टेपनी न देता चालतं. आमच्या गाडीत नाहीये. पावागढहून येताना हालोलच्या पुढे फुटलेल्या दगडाने टायरची बाजू चिरली, दोन बोटं लांब. किटमधलं ते पांढरं द्रव्य भरलं, सगळं चिरेतून बाहेर आलं. ते बारीक खिळ्याच्या भोकाला असतं, चिरेला नाही. रात्री साडेनऊ, बायको, दोन वर्षांची मुलगी, शेवटी गाडी उचलून आणावी लागली. त्यानंतर जुळणाऱ्या मापाचं चाक विकत घेऊन डिक्कीत ठेवलंय, सामानाला जागा कमी पडते तरी. अजून एक, ते द्रव्य वापरलं असेल तर पंक्चरवाल्याला आधी सांगा, आत सगळा चिकट राडा असतो.

समा_फतेगंज:
2024 च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीच्या पुराचं पाणी आमच्या सोसायटीत होतं. ओसरल्यावर रस्ताभर फर्निचरच्या फळ्या, खिळे, काचा. आठवड्यात तीन पंक्चर, त्यातली दोन एकाच टायरला, एकमेकांपासून चार बोटांवर. टायरवाला म्हणाला इतक्या जवळ दोन पॅच एकमेकांवर चढतील, मी नाही करणार. गिऱ्हाईक घालवून खरं बोलला, तेव्हापासून आमच्या बिल्डिंगच्या सगळ्या गाड्या त्याच्याकडेच जातात.

कारेलीबागेतून:
हायवेवर एका ठिकाणी हवा भरायला थांबलो, मी पाणी आणायला गेलो तेवढ्यात "काका, चार पंक्चर छे." चार! घरून निघताना हवा बरोबर होती. पैसे देऊन सुटलो, पण गावात येऊन ओळखीच्याकडे टायर उतरवला तर त्याने दाखवलं, चारही भोकं सरळ रेषेत, एकाच जाडीची, दाभणाने पाडल्यासारखी. आता टायरपासून हलत नाही आणि स्ट्रिप मारण्याआधी खिळा हातात मागतो. खिळा दाखवता येत नसेल तर पुढे निघायचं. चार भोकांचा तो टायर बदलावाच लागला, त्याचा राग अजून आहे.

नवी ड्रायव्हर, निझामपुरा:
सगळ्यांचं वाचून पोटात गोळा आलाय. आत्ताच बघितलं, माझ्या पुढच्या टायरला स्क्रू घुसलाय, आणि तो खांद्यावर वाटतोय, शेवटच्या खाचेच्या बाहेर. हवा 32 आहे. उपटून काढू का?

धागाकर्ती:
अगं नको, हात लावू नकोस. रात्रभर गाडी हलवू नकोस, सकाळी परत दाब मोज, आणि टायर उतरवून बघणाऱ्याकडेच जा.

नवी ड्रायव्हर, निझामपुरा:
ताई, जाऊन आले. सकाळी पण 32च होती. काकांनी आधी साबणाचं पाणी टाकलं, मग पक्कडीने हळूच स्क्रू फिरवून काढला. एवढुसा निघाला, नखाएवढा, रबरातच अडकला होता, आतपर्यंत गेलाच नव्हता. परत पाणी टाकलं, आम्ही दोघं वाकून बघत होतो, एक बुडबुडा नाही. पैसेही घेतले नाहीत त्यांनी. स्क्रू मी डॅशबोर्डवर ठेवलाय.