अनुभव धागा: दिल्लीतले किल्ले, मकबरे, समाध्या आणि बागा

थंडी सुरू झाली की इकडून दिल्लीला जाणाऱ्यांची रीघ लागते आणि ‘तीन दिवसांत काय काय होईल?’ हा प्रश्नही ठरलेला. काय बघावं ते कुठेही सापडतं. इथे कसं बघावं ते लिहा: कुठल्या दिवशी, कुठल्या बाजूने, नेमकं कुठे फसायला होतं. नुसती यादी नको.

*

आधी सोमवारचा बंदोबस्त करा. लाल किल्ला सोमवारी बंद. तीस जानेवारी मार्गावरची गांधी स्मृती बंद, राजघाटासमोरचं गांधी संग्रहालय बंद, अलीपूर रोडचं आंबेडकर स्मारकही बंद. राष्ट्रपती भवनातलं अमृत उद्यान ज्या दिवसांत लोकांना खुलं असतं, त्यातलाही सोमवार वगळलेला. कुतुब, हुमायूनचा मकबरा, पुराना किल्ला, लोधी गार्डन मात्र चालू. त्यामुळे सोमवार सरळ दक्षिण दिल्लीला देऊन टाकावा. कुतुबवरची शनिवार-रविवारची जत्राही आपोआप चुकते.

पुरातत्त्व खात्याचं तिकीट मुक्कामावरूनच ऑनलाइन काढा. कुतुबला खिडकीवर ४० आणि ऑनलाइन ३५, म्हणजे बचत पाच रुपयांची, पण रांग वाचते. १५ वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. हौसेने सगळ्या कुटुंबाचं काढू नका. ट्रायपॉडला वेगळी परवानगी लागते, डबा आत उघडता येत नाही.

*

लाल किल्ला. मेट्रोच्या व्हायोलेट लाइनवर त्याच नावाचं स्टेशन आहे. लाहोरी दरवाजा, छत्ता चौक, नौबतखाना, दिवाण-ए-आम, दिवाण-ए-खास असा एका दिशेने सरळ मार्ग. बहुतेक लोक छत्ता चौकातल्या दुकानांत अडकतात, मग ब्रिटिशांनी बांधलेल्या बराकींतल्या संग्रहालयांत शिरतात आणि महालांपाशी पोचेपर्यंत ऊन डोक्यावर येतं. मधे सगळी उघडी हिरवळ, सावली कमी. उलट करा: सकाळी आधी थेट महाल, संग्रहालयं दुपारी. १८५७ आणि आझाद हिंद सेनेची दालनं घाईत उरकण्यासारखी नाहीत. १९४५चे खटले याच किल्ल्यात चालले. संग्रहालयांचं तिकीट वेगळं, ते किल्ल्याच्या तिकिटासोबतच घ्या.

दिवाण-ए-खासमध्ये मान वर करायला विसरू नका. इथल्या छताची चांदी १७६० साली सदाशिवरावभाऊंनी काढून तिची नाणी पाडली. पानिपतच्या आधीची पैशाची ओढाताण इथे डोळ्यांनी दिसते.

१५ ऑगस्टच्या आधी काही दिवस किल्ला बंदच असतो. त्या काळात तिकडे फिरकू नये.

*

समाध्यांचं थोडं. राजघाट (गांधीजी), शांतिवन (नेहरू), शक्तिस्थळ (इंदिरा गांधी), वीरभूमी (राजीव गांधी), विजय घाट (शास्त्रीजी) हे सगळं नकाशावर एकमेकांना चिकटून दिसतं. प्रत्यक्षात प्रत्येकाचं आवार मोठं, फाटक वेगळं आणि बाजूला रिंग रोडची वाहनं. चालत पाचही करायला गेलात तर पायांचे तुकडे पडतात. दिल्ली गेट स्टेशनवरून ई-रिक्षा ठरवून घ्या, भाडं बसण्याआधी बोला. राजघाटावर चपला बाहेर ठेवाव्या लागतात आणि एप्रिलपासून फरशी तव्यासारखी तापते. जाड मोजे जवळ ठेवा. ज्येष्ठांसाठी तर नक्कीच.

वेळ कमी असेल तर माझं मत स्पष्ट आहे: राजघाट दहा मिनिटांत, पण गांधी स्मृतीला दीड तास. शेवटचे १४४ दिवस गांधीजी तिथे राहिले. खोलीपासून प्रार्थनेच्या जागेपर्यंत त्यांची शेवटची पावलं सिमेंटमध्ये उठवलेली आहेत. त्या वाटेच्या बाजूने चाला, पावलांवर पाय देऊ नका.

*

इंडिया गेटवर १९६५ किंवा १९७१च्या युद्धातल्या नातेवाइकाचं नाव शोधणारे बरेच असतात. ते तिथे नाही. त्या ४२ मीटर उंच कमानीवरची तेरा हजारांवर नावं पहिलं महायुद्ध आणि तिसरं अफगाण युद्ध या काळातली. शिवाय कमानीखाली जाऊ देत नाहीत, त्यामुळे वरची नावं साध्या डोळ्यांनी वाचता येत नाहीत.

स्वातंत्र्यानंतरची नावं मागच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकात. २५ फेब्रुवारी २०१९ला ते खुलं झालं. प्रवेश मोफत. रचना चार वर्तुळांची: आत अमर चक्र, मग वीरता, त्याग आणि सर्वांत बाहेर रक्षक चक्र, म्हणजे झाडांची ओळ. नावं त्याग चक्राच्या १६ भिंतींवर आहेत. उद्घाटनाच्या वेळी ती २५,९४२ होती, त्यामुळे नुसतं नाव घेऊन भिंती चाळण्यात अर्थ नाही. घरून निघतानाच पूर्ण नाव, पलटण, सैनिक क्रमांक आणि वर्ष लिहून न्या. मराठी आडनावांत एकसारखी नावं भरपूर. ‘पाटील, मराठा लाइट इन्फंट्री’ एवढ्यावर पत्ता लागत नाही.

परम योद्धा स्थळावर २१ परमवीरांचे अर्धपुतळे आहेत. कारवारचे राम राघोबा राणे, मुंबईत जन्मलेले तारापोर, पुण्यात जन्मलेले अरुण खेत्रपाल तिथे भेटतात. सूर्यास्ताचा सोहळा बघायचा असेल तर निदान पाऊण तास आधी आत असा. जानेवारीत संचलनाच्या तालमींमुळे कर्तव्यपथ बंद होत असतो, तेव्हा त्या दिवसाची खबर घेऊनच निघा.

*

हुमायूनचा मकबरा सकाळी बघा पण फोटो दुपारनंतर काढा. आपण पश्चिमेच्या दाराने येतो, त्यामुळे सकाळी ऊन घुमटामागून येतं आणि समोरचा लाल दगड काळपट पडतो. दुपारी तीन-साडेतीननंतर तोच उजळतो. आत शिरल्यावर उजव्या हाताला ईसा खानची अष्टकोनी कबर, ती मुख्य मकबऱ्याहून जुनी. लोक तिला ओलांडून पळतात. चौथऱ्याच्या पायऱ्या उंच आणि खड्या आहेत, गुडघेदुखी असेल तर खालूनच फेरी मारा.

पुणे दुरांतो किंवा ऑगस्ट क्रांतीने निजामुद्दीनला उतरणाऱ्यांना ही जागा सर्वांत जवळची. बॅगा मात्र स्टेशनच्या क्लोकरूममध्ये टाकून या. डबा खायला शेजारची सुंदर नर्सरी, तिकीट वेगळं.

*

कुतुबच्या मनोऱ्यावर चढता येतं का, हे विचारणारा हमखास निघतो. नाही. १९८१च्या चेंगराचेंगरीनंतर ३७९ पायऱ्या बंद आहेत. लोहस्तंभाला पाठ लावून मिठी मारणंही कठड्यामुळे कधीचं संपलं.

गर्दीचा कंटाळा आला की लगतच्या मेहरौली पुरातत्त्व उद्यानात जा. मोफत. राजों की बावली, जमाली-कमाली, बलबनची पडकी कबर. भारतातली पहिली खरी, म्हणजे पाचरीसारख्या दगडांची, कमान या कबरीत आहे असं सांगतात. पाट्या कमी, पाणी नाही, वाटा फुटतात. दिवस मावळायच्या आत बाहेर पडा.

*

१४ जानेवारीला पानिपतला काला आंबला, म्हणजे तिसऱ्या लढाईच्या स्मारकाला, जाणारे मराठी लोक असतात. अंतर सुमारे ९० किलोमीटर, पण त्या दिवसांत धुकं इतकं दाट की पहाटेची गाडी रखडते आणि महामार्गावर बस रांगते. दिल्लीहून आठच्या आधी निघण्याचा अट्टहास नको, आणि त्याच संध्याकाळचं परतीचं विमान तर मुळीच नको. काला आंब शहरापासून सातआठ किलोमीटरवर. परतायला रिक्षा लगेच मिळत नाही, म्हणून जाणारीच थांबवून ठेवा.

*

लोधी गार्डनबद्दल कुणीच लिहिलं नाही. मोफत, जोरबाग स्टेशन, पहाटे उघडतं. तिथे काही ‘करायचं’ नसतं. विमानाच्या आधी दोन तास उरले की जा.