जेएसडॉममधील चाचणीत स्लायडरचे ओढणे डॉक्युमेंटपर्यंत पोहोचत नाही

प्रश्न

नमस्कार. किमतीची मर्यादा निवडण्यासाठी मी कोणतीही लायब्ररी न वापरता, साध्या जावास्क्रिप्टमध्ये एक स्लायडर लिहिला आहे. हँडलवर माऊसडाऊन झाले की माऊसमूव्ह आणि माऊसअप यांचे लिसनर (इव्हेंट घडल्यावर चालणारी फंक्शने) डॉक्युमेंटवर, म्हणजे संपूर्ण पानावर, लावले जातात, म्हणजे कर्सर पट्टीबाहेर गेला तरी ओढणे मध्येच तुटत नाही. ब्राउझरमध्ये हे व्यवस्थित चालते. जेस्ट (चाचण्या चालवणारे साधन) आणि जेएसडॉम (ब्राउझरशिवाय पानाची नक्कल करणारी लायब्ररी) वापरून लिहिलेल्या युनिट टेस्टमध्ये मात्र, माऊसइव्हेंट कन्स्ट्रक्टरने तयार केलेले हे तिन्ही इव्हेंट हँडलवर डिस्पॅचइव्हेंटने क्रमाने पाठवले आणि क्लायंटएक्स (कर्सरचे आडवे स्थान) 150 दिला, तरी किंमत शून्यावरून हलत नाही. एररही येत नाही. सेटटाइमआउट लावून थांबून पाहिले, पण फरक पडला नाही.

उत्तर १

आपण बबल्स हा, इव्हेंटला वरच्या एलिमेंटांकडे चढू देणारा, पर्याय दिलेला नसावा. कन्स्ट्रक्टरने तयार केलेल्या इव्हेंटमध्ये तो मुळात फॉल्स असतो. माऊसडाऊनचा लिसनर हँडलवरच असल्यामुळे तो चालतो, परंतु माऊसमूव्ह हँडलवरच थांबतो आणि वर डॉक्युमेंटपर्यंत चढत नाही. बबल्स ट्रू करावे. कॅन्सलेबलही ट्रू करावे, अन्यथा आपल्या कोडमध्ये ब्राउझरची नेहमीची कृती रोखणारे प्रिव्हेंटडिफॉल्ट असल्यास त्याचा काहीच परिणाम होणार नाही. हँडल डॉक्युमेंटच्या बॉडीला जोडलेले आहे ना, तेही पाहावे; सुट्या एलिमेंटवरील इव्हेंट त्याच्या स्वतःच्या सर्वांत वरच्या पालकापाशी संपतो. डिस्पॅचइव्हेंट सिंक्रोनस असल्याने, म्हणजे सर्व लिसनर चालून झाल्यावरच ते परत येत असल्याने, सेटटाइमआउटची गरज नाही. शोधताना इनिटमाऊसइव्हेंटची जुनी उदाहरणे सापडतील. 15 आर्ग्युमेंट क्रमाने मोजत बसायला लावणारी ती पद्धत आता कालबाह्य ठरवलेली आहे.

प्रश्नकर्ता

आभारी आहे, बबल्सचाच दोष होता. आता हँडलर चालतो, पण क्लायंटएक्स 150 दिला काय किंवा 20 दिला काय, किंमत थेट 100 वर जाते. सीएसएसमध्ये पट्टीची रुंदी 300 पिक्सेल दिलेली आहे.

उत्तर २

जेएसडॉम पानाची मांडणी करतच नाही. त्यामुळे सीएसएसमध्ये काहीही लिहिले तरी एलिमेंटचे स्थान आणि आकार सांगणारे गेटबाउंडिंगक्लायंटरेक्ट सर्व आकडे शून्यच देते. आपण कर्सरच्या अंतराला पट्टीच्या रुंदीने भागत असाल, तर 150 भागिले 0 म्हणजे जावास्क्रिप्टमध्ये इन्फिनिटी येते, आणि मॅथ डॉट मिनने तिला 100 वर अडवलेले असणार. क्लायंटएक्स 0 देऊन पाहिल्यास नॅन, म्हणजे ‘संख्या नाही’, मिळेल. टेस्टमध्ये पट्टीच्या एलिमेंटवर गेटबाउंडिंगक्लायंटरेक्टच्या जागी लेफ्ट 0 आणि विड्थ 300 परत करणारे आपले फंक्शन बसवावे, म्हणजे 150 ला 50 येईल. मी मात्र अंतरावरून किंमत काढणारा हिशेब वेगळ्या फंक्शनमध्ये काढला असता. त्याची चाचणी नुसते आकडे देऊन होते, माऊसची गरजच उरत नाही.

उत्तर ३

वरील दोन्ही उत्तरांशी सहमत आहे. हँडलरमध्ये बटन्सची (माऊसची कोणती बटणे दाबलेली आहेत ते सांगणारा आकडा) किंमत 1 आहे का असे आपण तपासत असाल, तर तीही इव्हेंटसोबत द्यावी लागेल, कारण न दिल्यास ती 0 असते.

स्क्रिप्टने पाठवलेल्या इव्हेंटचा इजट्रस्टेड (इव्हेंट खऱ्या वापरातून आला का ते सांगणारा गुणधर्म) नेहमी फॉल्स असतो, आणि हा फरक खऱ्या ब्राउझरमध्येही राहतो. कृत्रिम क्लिकने चेकबॉक्सची खूण बदलते, पण कृत्रिम माऊसओव्हरने सीएसएसमधील हॉव्हर लागू होत नाही. म्हणून खऱ्या मांडणीवरची एखादी चाचणी प्लेराइटने (खरा ब्राउझर चालवणारे चाचणी साधन) करावी. त्याची माऊस हालचाल ब्राउझरच्या इनपुट यंत्रणेतून जाते.

माऊसअपची चाचणी मात्र जेएसडॉममध्येच उत्तम होते. माऊसअपनंतर आणखी एक माऊसमूव्ह पाठवून किंमत बदलत नाही ना, हे तपासावे. लिसनर काढायचा राहून गेला असेल, तर एका फाइलमधील सर्व चाचण्यांना डॉक्युमेंट एकच असल्याने तो पुढच्या चाचणीत चालू राहतो, आणि मग भलतीच चाचणी नापास होते.